एकसष्ट लोंबते धागे

"हस्तकला," असं म्हणून चित्रकलेच्या सरांनी फूटपट्टीचं टोक पुठ्ठ्यावर टेकवलं, आणि गडबडच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गडबड हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण पहिलं पाऊल टाकलं त्याच दिवशी तिने घरातला बटणांचा डबा उपडा केला होता, आणि तेव्हापासून घरात, गल्लीत आणि आता नववी ब मध्येसुद्धा तिला दुसऱ्या नावाने हाक मारायचं कुणाला सुचतच नाही. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. तक्रार होती ती या एका शब्दाबद्दल. हस्तकला म्हणे!

"सर, हे चित्र आहे."

"चित्र काढतात. हे तू चिकटवलंयस." सरांनी पुठ्ठा हातभर लांब धरला, जणू त्यातून काहीतरी गळणार होतं. "कागद काय, चिंध्या काय, बटणं काय. चिकटवलेलं सगळं पहिली ते चौथीच्या टेबलावर जातं. भिंत रंगवलेल्या चित्रांसाठी."

पहिली ते चौथीचं टेबल! म्हणजे काड्यापेट्यांचा बेडूक आणि कापसाचा ससा यांच्या मधोमध. गडबडला शाळेचं प्रदर्शन डोळ्यांसमोर दिसलं. भिंतीवर ओळीने सूर्यास्त, डोंगर, पुन्हा सूर्यास्त, आणि खाली टेबलावर सशाच्या कुशीत तिची तीन आठवड्यांची मेहनत.

"याला मिश्र माध्यम म्हणतात, सर. लायब्ररीतल्या पुस्तकात त्यावर आख्खा धडा आहे. मोठे मोठे चित्रकार करतात."

"मोठे चित्रकार माझ्या वर्गात नाहीत." वर्ग खिदळला. सरांना बरं वाटलं असावं, कारण ते जरा मऊ झाले. "हे बघ, पुढच्या शनिवारी बारा वाजेपर्यंत एक काम पूर्ण करून आण. पूर्ण म्हणजे पूर्ण. कडा सरळ, मागे टांगायला दोरी. मला ते चित्र वाटलं तर भिंत, नाही वाटलं तर टेबल. कबूल?"

"कबूल," गडबड म्हणाली, आणि ते इतक्या जोरात म्हणाली की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून गेल्या.

तिच्या घराची पुढची खोली म्हणजे शिवणकामाचं दुकान. खोलीच्या मधोमध आईचं कापायचं टेबल, खिडकीशी बाबांचं मशीन आणि दाराशी, उजेड बरा येतो म्हणून, आत्याची खुर्ची. आई कापते, बाबा शिवतात आणि आत्या फिनिशिंग करते. फिनिशिंग म्हणजे काज, बटणं, हातशिलाई, इस्त्री आणि सर्वांत महत्त्वाचं, लोंबते धागे कापणं. बाबांची एक वाईट खोड आहे. शिवण संपली की दोरा टचकन तोडायचा सोडून ते वीतभर ओढतात आणि मग तोडतात. आत्या बाबांची मोठी बहीण. गेली तीस वर्षं ती यावरून त्यांना बोलतेय आणि गेली तीस वर्षं बाबा "हो ताई" म्हणून पुढचा दोरा वीतभर ओढतायत.

आणि या खोलीचा एक नियम आहे. टेबलाच्या डाव्या टोकाला ठेवलेलं आत्याकडे जातं, उजव्या टोकाला ठेवलेलं गिऱ्हाइकाकडे. कुणी कुणाला काही विचारत नाही. डावीकडचं उचलायचं, पूर्ण करायचं, उजवीकडे ठेवायचं. हा नियम लक्षात ठेवा, कारण गडबडने नेमका तोच लक्षात ठेवला नाही.

लायब्ररीतल्या पुस्तकात 'घरच्या घरी सुरुवात' अशा मथळ्याखाली सामानाची यादी होती. ती घेऊन गडबड रंगांच्या दुकानात गेली तेव्हा दुकानदाराने यादी वाचली, चष्मा काढला, पुन्हा वाचली आणि विचारलं, "हे औषध आहे का?" झालं! घरच्या घरी म्हणायचं आणि कुणाच्याच घरी नसतं ते मागायचं, ही कुठली रीत? गडबडने यादी चुरगाळली आणि पुढच्या खोलीत चौफेर नजर फिरवली. आईचे मापं कापायचे खाकी कागद होते. खडू होते. कॉलरमध्ये घालायचं बकरम होतं, आणि तेही इस्त्री फिरवली की आपोआप चिकटणारं. जगातल्या कुठल्या चित्रकाराकडे इस्त्रीने चिकटणारा कागद असेल सांगा!

डिंकाऐवजी तिने पिठाची खळ शिजवली. पहिली इतकी पातळ झाली की कागद पुठ्ठ्यावरून घसरून बसला. दुसरी इतकी घट्ट झाली की आईने चमचा टाकून दिला. तिसरी जमली, पण सकाळी उठून बघते तो पुठ्ठ्याची होडी झालेली. मग तिच्या लक्षात आलं की एका बाजूने कागद लावला की पुठ्ठा त्या बाजूला ओढला जातो. म्हणून मागूनही तसाच कागद लावायचा आणि वाळेपर्यंत वर वजन ठेवायचं. वजन म्हणून बाबांच्या जुन्या मशीनचं बिघडलेलं लोखंडी डोकं कामी आलं. चहाच्या पाण्यात बुडवलेला कागद भिंतीच्या रंगाचा होतो, खडूवर ओलं बोट फिरवलं की सावली पडते, आणि कापडाची कड उसवून ठेवली की केस दिसतात, हे तर तिला पुस्तकानेही सांगितलं नव्हतं.

सरांनी हस्तकला ठरवलेला पुठ्ठा या सगळ्या सरावाचा होता. खरं चित्र तिने आता सुरू केलं.

ते आत्याचं होतं. दाराशी खुर्ची, खुर्चीत आत्या, मांडीवर न संपणारा कपड्यांचा ढीग. अंग खाकी मापकागदाचं, त्यावर आईच्या खडूच्या रेघा तशाच ठेवलेल्या. चष्म्याला दोन पारदर्शक बटणं. आत्याच्या खऱ्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली आहे, म्हणून चित्रातल्या चष्म्यालाही एक तांबडा दोरा. आणि मांडीवरच्या ढिगातून धागे निघाले होते. खरे धागे. महिनाभरात आत्याने जे जे कापून खुर्चीखालच्या डब्यात टाकलं, ते बाबांचे वीतभर लांब धागे गडबडने एक एक करून उचलले होते आणि कागदाला भोकं पाडून ओवले होते. एकसष्ट. ते चित्रातून बाहेर येत होते, खालची कड ओलांडून हवेत लोंबत होते. काम चित्रात मावतच नव्हतं. गडबडला ते बघून स्वतःचाच हेवा वाटला.

शुक्रवारी शाळेत जाताना तिने चित्र टेबलावर ठेवलं. उजवीकडे कुठल्याशा बँडवाल्यांचे चोवीस कोट रचलेले होते. जागा होती ती डावीकडे. तिने डावीकडे ठेवलं आणि धावत सुटली.

दुपारी परत आली तेव्हा आत्या दारातच हसत उभी होती.

"झालं हो तुझं! घे. मी पण म्हटलं, पोरीला उद्या न्यायचंय."

चित्र उजवीकडे होतं. बँडवाल्यांच्या कोटांवर, नीट, इस्त्री केलेलं. कडा आत दुमडून हातशिलाई घातलेली, इतकी बारीक की टाका दिसू नये. खुर्चीच्या पायाशी मुद्दाम सैल सोडलेलं बटण घट्ट बसवलेलं. आणि धागे...

एकही नव्हता. मुळाशी कापलेले. चष्म्याचा तांबडा दोरासुद्धा.

गडबड अशी ओरडली की बाबांनी मशीन थांबवलं.

"कुणी सांगितलं तुला? कुणी सांगितलं हात लावायला!"

"अगं, डावीकडे होतं..."

"डावीकडे होतं म्हणून काय वाट्टेल ते करायचं? उद्या मी डावीकडे बसले तर मला इस्त्री करशील?"

"गडबड!" आई म्हणाली. "वन्संशी नीट बोल."

"मी का नीट बोलू? माझं चित्र नीट केलंय तेवढं पुरे!" गडबडच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचाही तिला राग आला. "ते धागे लोंबायचेच होते, आत्या. तेच चित्र होतं. बाकीचं नुसता कागद आहे!"

आत्याचं हसू मावळलं. "लोंबायचे? अगं, लोंबते धागे बघून लोक नावं ठेवतात. अर्धवट काम म्हणतात. मला वाटलं, तुझं कुणी हसू करू नये."

"झालंच आता हसू! शाळेत सर म्हणतात हस्तकला, घरी तू म्हणतेस अर्धवट. मला कुणी विचारतच नाही की बाई, तुला काय म्हणायचंय!"

"आणि मला कोण विचारतं?"

हे आत्या बोलली होती. आत्या, जिचा आवाज या खोलीत मशीनच्या वर कधी गेला नाही. बाबांनी टेप गळ्यातून काढून हातात घेतला. असं ते कुणी आजारी असलं की करतात.

"तीस वर्षं," आत्या म्हणाली. "तुझ्या आईच्या हाताला गिऱ्हाईक वाखाणतं, कट काय छान! तुझ्या बापाला म्हणतं, शिलाई काय पक्की! माझं काम चांगलं झालं तर दिसतच नाही. दिसलं तर ते वाईट. एक धागा राहिला की दुकानभर ओरड, आणि हजार कापले तर कुणाला पत्ता नाही. आणि तू, बये, तेच माझे कापलेले धागे गोळा करून जगाला दाखवायला निघालीस? माझा कचरा?"

गडबडचा राग जागच्या जागी थबकला. गेला नाही, नुसता थबकला, आणि मग त्याने दिशा बदलली.

"हेच!" ती ओरडली. "हेच तर आहे त्यात! आत्या, ती बाई कोण आहे ते बघितलंस तरी का तू?"

"गिऱ्हाईक असेल कुणी."

"चष्मा बघ."

आत्याने आपला चष्मा नाकावर चढवला, चित्रातला पाहिला, मग आपल्या काडीवरच्या दोऱ्याला बोट लावलं.

"म्हणजे मी मलाच फिनिश केलं," ती म्हणाली.

बाबांना हसू आलं. आईने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते खोकण्यात बदललं.

"धागे कुठायत?" गडबडने विचारलं.

धागे होते. या घरात काही टाकत नाहीत. आत्याने खुर्चीखालचा पत्र्याचा डबा काढला, पण त्यात दिवसभराचे सगळेच धागे होते. शाळेचे गणवेश, कुणाचे पडदे. शेकडो धाग्यांचा गुंता. गडबड ते बघून मटकन खाली बसली. यातून आपले एकसष्ट कोण शोधणार?

आत्याने डबा मांडीवर घेतला आणि बोटांनी निवडायला लागली, जराही न थांबता. "हा काळा वकीलबाईंच्या कोटाचा. तीनदा बाही बदलून घेतली त्यांनी. हा हिरवा बेकरीवाल्याच्या ॲप्रनचा. हा आजचा, नको. हा पांढरा नर्सचा, खिसा खोल हवा होता तिला, आईच्या फोटोसाठी. हा आजचा. हा तुझ्या मागच्या वाढदिवसाच्या फ्रॉकचा, तू त्यावर शाई सांडलीस तो."

"तुला सगळे आठवतात?"

"माझ्या हातातून गेलेत ना. मग?"

एकसष्टचे एकसष्ट निघाले. गडबडने सुई पुढे केली. "लाव परत."

"मी?" आत्या मागे सरली. "मी जन्मात धागा लोंबता सोडला नाही. माझ्याच्याने नाही व्हायचं."

"तू कापलेस, तूच लावायचेस. डावीकडे होतं म्हणून केलंस ना? आता हे बघ, पुन्हा डावीकडे ठेवते." आणि तिने चित्र उचलून खरोखरच टेबलाच्या डाव्या टोकाला आपटलं.

नियम म्हणजे नियम. आत्याने सुई घेतली.

ते संध्याकाळचे दोन तास बघण्यासारखे होते. आत्या धागा ओवायची, मागून इवलीशी गाठ मारायची आणि पुढून तो लोंबला रे लोंबला की तिचा उजवा हात आपोआप कात्रीकडे जायचा. गडबडने कात्री काढून घेतली तर ती दात लावायला निघाली. "आत्या!" "चुकून गं." पाच धागे झाले की पुन्हा, "एवढा एक जरा बरोबरीने करू?" "आत्या!!" शेवटी बाबांनी तिच्या हातात चहाचा कप दिला, निदान एक हात तरी गुंतला. तांबडा दोरा मात्र तिने कुणी न सांगता स्वतःच चष्म्याला बांधला, आपल्या काडीवर आहे तस्सा, दोन वेढे आणि एक गाठ. कडांची हातशिलाई गडबडने उसवली नाही. कडा सरळ हव्यात असं सर म्हणालेच होते, आणि खरं सांगायचं तर ती शिलाई होतीच तशी.

शनिवारी आत्या शाळेत बरोबर आली. चित्र धरायला दोन माणसं लागतात, असं कारण तिने सांगितलं. खरं तर चित्र एका हातात मावत होतं.

हॉलमध्ये सर शिडीशेजारी उभे होते. भिंतीवर सूर्यास्त टांगून झाले होते. सरांनी फूटपट्टीने कडा मोजल्या, कोपरे मोजले आणि भुवया वर केल्या, म्हणजे कडा बरोबर होत्या. मग त्यांची नजर खाली गेली.

"हे काय लोंबतंय?"

"ते चित्रातलं आहे, सर."

"चित्र चौकटीत संपतं. मी पूर्ण काम आण म्हणालो होतो. हे धागे कापून टाक, मग बघू भिंतीचं." त्यांनी टेबलावरची कागद कापायची कात्री उचलून पुढे केली.

भिंत. नुसती एक कात्री चालवायची की भिंत! गडबडने कात्रीकडे पाहिलं, टेबलावरच्या कापसाच्या सशाकडे पाहिलं. तोंड उघडून ती काहीतरी भयंकर बोलणार, एवढ्यात मागून हात आला आणि त्याने कात्री सरांच्या हातातून काढून घेतली.

"कापायचे नाहीत," आत्या म्हणाली.

"आपण?"

"मी फिनिशिंग."

सरांना कळेना. "म्हणजे पालक?"

"आत्या आहे मी तिची. पण इथे फिनिशिंग म्हणून बोलतेय. तीस वर्षं धागे कापते मी. कुठला कापायचा आणि कुठला ठेवायचा, हे मला शिकवू नका. चित्र पालथं करा."

सरांनी, का कोण जाणे, मुकाट्याने पालथं केलं. मागे एकसष्ट गाठी होत्या, मुंगीच्या डोक्याएवढ्या, एका ओळीत. सरांनी फूटपट्टी लावली. प्रत्येक गाठ आधीच्या गाठीपासून तेवढ्याच अंतरावर. त्यांनी पट्टी सरकवली आणि पुन्हा मोजलं.

"हे हाताने केलंय?"

"मग काय पायाने?" आत्या म्हणाली. "हे पूर्ण आहे. मी पूर्ण म्हटलं की पूर्ण असतं. आमच्याकडे विचारा कुणालाही."

हॉलमध्ये शिडी धरून उभ्या असलेल्या शिपायाने मान डोलावली. त्याचा गणवेश तिच्याच हातून गेला होता.

सरांनी चित्र सुलट केलं, लांब धरलं, मग जवळ धरलं. चष्म्यापाशी थांबले. मग आत्याच्या चष्म्याकडे त्यांचं लक्ष गेलं, आणि ते दोन्ही चष्मे आळीपाळीने बघत राहिले.

"दारापाशी एक खिळा रिकामा आहे," ते अखेर म्हणाले.

दारापाशी! म्हणजे आग विझवायच्या बादलीच्या वर! सूर्यास्तांना मधली भिंत आणि आम्हाला बादली? गडबड भांडणारच होती, पण आत्याने तिचा दंड दाबला. "दाराशी उजेड बरा येतो गं," ती म्हणाली.

चित्र लागलं. सरांनी पांढऱ्या चिठ्ठीवर गडबडचं खरं नाव लिहिलं, इयत्ता, तुकडी. खाली 'मिश्र माध्यम' असंही लिहिलं, आवंढा गिळून का होईना.

"खाली अजून एक ओळ हवी," गडबड म्हणाली. "फिनिशिंग आत्याचं आहे."

"एका चित्राला एक नाव. नियम आहे."

"पण गाठी तर तुम्हीच मोजल्यात!"

"नियम आहे," सर म्हणाले आणि शिडी घेऊन निघाले.

बघा! म्हणजे इतकं सगळं होऊन आत्या पुन्हा न दिसणारीच राहिली! गडबडने आवंढा वगैरे काही गिळला नाही. तिने खिशातून आईचा खडू काढला आणि सर पाठमोरे असताना चित्राच्या खाली, थेट भिंतीवर, ठसठशीत अक्षरांत लिहिलं: धागे आणि फिनिशिंग, आत्या. मग एकसष्ट धागे त्यावरून सोडून दिले. ओळ पार झाकली गेली.

बारानंतर प्रदर्शन उघडलं आणि दुपारभर माणसं आली. दारातून येणाऱ्या वाऱ्याने धागे हलायचे, मागचं एखादं अक्षर दिसायचं, आणि माणसं थांबायची. वाचायचं तर धागे हाताने बाजूला करावे लागत होते, आणि दोन हातांच्या अंतरावर शाळेची पाटी होती, 'चित्रांना हात लावू नये'. सर फूटपट्टी घेऊन दहा वेळा धावले. "हात लावू नका, हात लावू नका!" सूर्यास्तांना हात लावायला कुणी गेलं नाही, त्यामुळे तिकडे सरांना काही कामही नव्हतं. शेवटी शेवटी तर गडबडने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, हॉल रिकामा झाल्यावर सरांनी इकडे तिकडे बघितलं, फूटपट्टीच्या टोकाने धागे हळूच उचलले आणि ओळ वाचली. पुसली मात्र नाही.

आत्या समोरच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसली होती. मांडी रिकामी, म्हणून हातांना काय करावं ते सुचत नव्हतं.

"अगं," ती गडबडच्या कानाशी म्हणाली, "ती मघाची बाई धागे उलटेपालटे करून गेली. मी जरा..."

"आत्या!"

"सरळ करते गं नुसते. कात्री घरी राहिलीय."